एक प्रिंटर आणि दोन संगणक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी तरी शिकलेल्या बाई बाहेरगावाहून येतात आणि आपणांस चार शब्द सांगतात. या खेपेस कार्यकारिणीने ठरवले की, मंडळातल्याच एकीने आपल्या कामाची हकिकत सांगावी. ते काम माझ्या गळ्यात पडले. मी सातवी शिकलेली. भाषण कसे करतात ते मला ठाऊक नाही. पण घडलेली गोष्ट घडली तशी सांगता येते. तिच्यात माझी थोडी फुशारकी आहे, पुष्कळशी फजिती आहे, आणि माझ्यामुळे दुसऱ्या एका बाईला सोसावा लागलेला बोलही आहे. फुशारकी सांगून पुढचे गिळून टाकले तर आपल्यासमोर उभे राहण्यात अर्थ नाही; म्हणून सगळेच सांगते.

गोष्ट २०२४ सालच्या जुलै महिन्यातली. २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि १ जुलैपासून अर्ज सुरू झाले. दरमहा १५०० रुपये मिळणार आणि मुदत १५ जुलैपर्यंत, असे ऐकल्याबरोबर आपल्या मंडळाच्या खोलीत जी गर्दी लोटली, ती आपणां सर्वांना आठवत असेल. पुढे मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, पण गर्दी काही हटेना. भाताच्या आवणीचे दिवस. बाया चिखलाचे पाय घेऊन, डोक्यावर घोंगडी-प्लास्टिक घेऊन पाड्यांवरून यायच्या. कोणाला हमीपत्राचा नमुना हवा, कोणाला आधारकार्डाची प्रत हवी. त्यातच आपल्या बचत गटांचे हिशेबही छापून द्यायचे होते.

आपल्याकडे संगणक दोन आणि प्रिंटर एक. प्रिंटर दाराजवळच्या संगणकाला वायरने जोडलेला. आतल्या खोलीतल्या संगणकावर काही तयार केले, की ते पेनड्राइव्हमध्ये घालायचे, बाहेर यायचे, तिथे बसलेल्या बाईला उठवायचे, कागद छापायचा आणि पुन्हा आत जायचे. दिवसातून पन्नास वेळा ही वारी. एकदा तर पेनड्राइव्ह कोणाच्या तरी पिशवीत गेला आणि कणकेच्या डब्यातून परत आला. मी एका दुरुस्तीवाल्याला विचारले. तो म्हणाला, "बाई, आत दुसरा प्रिंटर घ्या, सोपे पडेल." सोपे त्याला पडले असते. मंडळाच्या पेटीत तेवढे पैसे नव्हते.

शेवटी मी माझ्या भाच्याला फोन केला. तो पुण्याला संगणकाच्याच कामात आहे. आपले हे दोन्ही संगणक जुने, दान मिळालेले. त्यांच्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी व्यवस्था त्यानेच आदल्या दिवाळीत बसवून दिली होती. तो म्हणाला, "आत्या, दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत ना? मग एक प्रिंटर दोघांना वापरता येतो. दहा मिनिटांचे काम आहे."

मी म्हटले, "मग कर की बाबा."

तो म्हणाला, "मी इथून तुझ्या संगणकात शिरून करू शकतो, पण करणार नाही. तू करायचे. मी फोनवर सांगेन."

मला राग आला. इथे दारात वीस बाया उभ्या, आणि हा मला धडे शिकवतो आहे! पण तो ऐकेना. म्हणाला, "मी केले तर तुला एवढेच कळेल की भाच्याने काही तरी केले. उद्या बिघडले, की परवा तू पुन्हा मलाच शोधशील." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. घरातली सून नुसती बाजूला उभी राहून पाहते तोवर तिला भाकरी येत नाही; पीठ तिच्या हाताला लागावे लागते.

दुपारी बाया पांगल्यावर मी दार लोटून बसले. फोन कानाला आणि छातीत धडधड. आता जरा संगणकाची माहिती सांगते. कोणाला कंटाळा आला तर माफ करा, पण यावाचून पुढची गोष्ट समजणार नाही.

संगणकाच्या पोटात काही वह्या असतात. त्यांना सिस्टिम फाइल म्हणतात. कोणते काम कसे करायचे, कोणाचे ऐकायचे, कोणाला दारातच थांबवायचे, हे त्यांत साध्या अक्षरांत लिहिलेले असते. यंत्र सुरू होते तेव्हा त्या वह्या वाचते आणि तसे वागते. छपाईचा कारभार पाहणारा जो कार्यक्रम लिनक्सवर असतो, त्याचे नाव कप्स. त्याची वही 'कप्सडी डॉट कॉन्फ' या नावाची. ती 'ईटीसी' नावाच्या कपाटात 'कप्स' नावाच्या खणात असते. ती कोणालाही वाचू देतील असे नाही आणि बदलायची तर घरच्या कर्त्याचाच अधिकार लागतो. म्हणून हुकमाच्या आधी 'सुडो' हा शब्द लिहून परवलीचा शब्द द्यावा लागतो. परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर काहीही उमटत नाही. मला वाटले कळफलकच मेला. भाचा म्हणाला, "आत्या, लिहीत राहा. ते यंत्र लाजाळू आहे, पण ऐकते आहे."

वही उघडण्याआधी त्याने मला एक गोष्ट करायला लावली. वहीची नक्कल काढून, नावापुढे 'जुनी' असे जोडून ती बाजूला ठेवायची. एका ओळीचा हुकूम. मी म्हटले, "आधी मुख्य काम तर करू." तो म्हणाला, "नाही. आधी नक्कल, मग हात." मग त्याने विचारले, "सगळे दही ताकाला घेण्याआधी तू विरजण बाजूला काढतेस की नाही?" मी गप्प बसले आणि नक्कल काढली.

मग वही उघडली. सगळे इंग्रजी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. म्हणजे माझी इंग्रजीशी ओळख तीनच वर्षांची. परंतु अक्षरे लागत होती. मी एकेक अक्षर वाचायचे आणि त्याने अर्थ सांगायचा. बदल करायचे होते तीन ठिकाणी.

पहिल्या ठिकाणी लिहिले होते, 'लिसन लोकलहोस्ट ६३१'. ६३१ हा छपाईच्या कामाचा दरवाजा. लोकलहोस्ट म्हणजे 'मी स्वतः'. म्हणजे यंत्र म्हणत होते, 'या दरवाजावर मी फक्त माझेच ऐकणार.' आतल्या खोलीतून कोणी कितीही हाका मारल्या तरी हे बहिरेच. ती ओळ आम्ही पुसली नाही. तिच्या आरंभी दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची ती फुली असते ना, हॅश म्हणतात तिला, ती लावली. हॅश लावलेली ओळ माणसाला दिसते, पण यंत्र तिच्याकडे पाहत नाही. आपण जुने भांडे भंगारात न देता माळ्यावर ठेवतो, तसे. तिच्याखाली नवी ओळ लिहिली, 'पोर्ट ६३१'. आता त्या दरवाजावर बाहेरची हाकही ऐकू येऊ लागली.

दुसऱ्या ठिकाणी 'ब्राउझिंग' या शब्दापुढे नकार होता, तिथे होकार लिहिला. म्हणजे 'माझ्याकडे प्रिंटर आहे' अशी दवंडी आजूबाजूच्या यंत्रांना पिटायची.

तिसरे ठिकाण सर्वांत नाजूक. तिथे 'लोकेशन' असे टोकदार कंसात लिहून एक दालन उघडते, आणि खाली पुन्हा 'लोकेशन' लिहूनच ते बंद होते. दोहोंत एक तिरकी रेघ आहे. दालन उघडताना ती शब्दाच्या नंतर येते, बंद करताना शब्दाच्या आधी. त्या दालनात कोणाला येऊ द्यायचे ते लिहायचे. आम्ही लिहिले, 'अलाऊ ॲट-लोकल'. म्हणजे आपल्याच राउटरला जोडलेले असतील त्यांना येऊ दे. मी विचारले, "सगळ्यांनाच येऊ दिले तर?" भाचा म्हणाला, "शेजारणीला विहिरीवर पाणी भरू द्यायचे म्हणून आपण घराच्या तिजोरीची किल्ली दारावर टांगत नाही." त्याच्याखाली ॲडमिन नावाचे दालन होते, कारभाऱ्याचे. त्याला हात लावू दिला नाही.

वही जपून ठेवली, बंद केली. मग 'कप्सडी' लिहून पुढे आडवी रेघ आणि 'टी' हे अक्षर असा हुकूम दिला. त्यात यंत्र नुसती वही वाचून पाहते आणि चूक असेल तर सांगते. चूक नव्हती. मग कप्सचा कारभार थांबवून नव्याने सुरू करण्याचा हुकूम दिला आणि प्रिंटरच्या नावापुढे 'शेअर' अशी खूण केली. आतल्या संगणकाशी जाऊन बसले. तिथे काहीच करावे लागले नाही. थोड्या वेळाने प्रिंटरचे नाव तिथे आपोआप उमटले. मी हमीपत्राचा नमुना उघडला आणि छापण्याचा हुकूम दिला.

तेवढ्यात बाहेरून किंकाळी आली. आपल्या एक वयस्क बाई दार ढकलून आत आल्या होत्या. खोलीत कोणी नाही आणि प्रिंटर आपला घरघर करीत कागद बाहेर टाकतो आहे! "अगं बाय, याच्या अंगात आलं!" असे त्या ओरडल्या. मी धावत बाहेर आले. हातात तो ऊन ऊन कागद घेतला. काय सांगू तुम्हांला, पहिल्या खेपेस भाकरी टम्म फुगली होती तेव्हा झाला होता, तसा आनंद झाला. पेनड्राइव्हची वारी त्या दिवशी संपली. एक पथ्य तेवढे राहिले: ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे, तो चालू असला पाहिजे. तो बंद करून कोणी घरी गेली की आतली बाई बसली ओरडत!

त्या रात्री मी भाच्याला विचारले, "यंत्राच्या पोटातल्या वह्या अशा कोणालाही उघडता येतात, हे बनवणाऱ्यांना चालते कसे?" तेव्हा त्याने एक हकिकत सांगितली. अमेरिकेत एमआयटी नावाची मोठी विद्यापीठासारखी संस्था आहे. १९८० सालच्या सुमारास तिथल्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक नवा लेझर प्रिंटर भेट दिला. तो सर्वांच्या सामाईक वापराचा. कागद वारंवार अडके आणि दूर बसलेल्या माणसाला कळत नसे. तो बिचारा उठून यावा, तर छापलेले काहीच नसावे. अगदी आपल्यासारखीच वारी! तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत. आधीच्या प्रिंटरच्या कार्यक्रमात त्यांनी स्वतः सुधारणा केली होती. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जाई. नव्या प्रिंटरलाही तसेच करावे म्हणून ते त्याच्या कार्यक्रमाची मूळ प्रत मागू लागले. ती त्यांना मिळाली नाही. ज्याच्याजवळ होती त्याने कोणाला न देण्याचे वचन कंपनीला दिले होते. ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागली. पुढे १९८३ साली त्यांनी जाहीर केले की, ज्याची मूळ प्रत कोणालाही वाचता येईल, बदलता येईल आणि शेजाऱ्याला देता येईल अशी संगणकव्यवस्था आपण बनवणार. त्या कामाला त्यांनी ग्नू असे नाव दिले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि दोन्ही मिळून आज आपण वापरतो ती व्यवस्था तयार झाली. कप्स मायकेल स्वीट यांनी केले आणि १९९९ साली ते लोकांच्या हाती आले. पुढे ॲपलसारख्या मोठ्या कंपनीनेही आपल्या संगणकांत तेच घेतले.

मला या हकिकतीचे नवल वाटले. आपल्या शहापूरच्या खोलीत जी अडचण, तीच तिकडे समुद्रापलीकडे. आणि एकाने 'दाखवणार नाही' म्हटले म्हणून दुसऱ्याने जन्मभराचे काम पत्करले. मी मनाशी ठरवले की, आपल्याला जे आले ते कोणी विचारील तर सांगायचेच.

ती वेळ लवकरच आली, आणि इथून माझी फजिती सुरू होते.

मुरबाड तालुक्यातील एका महिला मंडळाकडेही असेच दोन संगणक होते. त्यांच्यावरही लिनक्सच. तिथे एक तरुण सून संगणकाचे काम पाहायची. नाव सांगत नाही. तिला ते काम सुखासुखी मिळालेले नव्हते. 'कालची पोर, हिच्या हाती यंत्र कशाला?' असे म्हणणारी माणसे तिथेही होतीच. एका लग्नात आमची ओळख झाली. मी आपली मोठ्या तोऱ्यात प्रिंटरची गोष्ट सांगितली. ऑगस्टच्या मध्यावर तिचा फोन आला, "काकी, आमच्याकडे पण करायचे आहे. सांगाल का?"

मी चुलीपाशी होते. एका हातात उलथने, दुसऱ्या हातात फोन. मला सगळे पाठ आहे अशी माझी समजूत. मी भराभर सांगत गेले आणि ती करीत गेली. तिसऱ्या ठिकाणी आल्यावर ती थांबली. म्हणाली, "काकी, इथे लोकेशन शब्द दोनदा आहे. खालच्यात तिरकी रेघ आधी आहे. ही वेगळी ओळ आहे का?"

माझी फोडणी करपत होती. मी म्हटले, "वर एकदा आहे ना? मग दुसरी कशाला? चुकून आली असेल. काढून टाक."

तिने काढून टाकली. आपण आत्ताच ऐकलेत, ती दालन बंद करणारी ओळ होती. दाराला चौकट आहे, पण भिंत संपतच नाही, अशी त्या वहीची गत झाली. तिने कारभार नव्याने सुरू करायला सांगितला आणि कप्स सुरूच होईना. आतल्या संगणकावरून छापणे दूरच; ज्या संगणकाला प्रिंटर जोडला होता, त्याच्यावरूनही कागद निघेना. मी तिला 'टी'चा हुकूम सांगितला नव्हता. आणि सर्वांत मोठे म्हणजे, नक्कल काढायला सांगितलेच नव्हते. का सांगितले नाही? माझ्या वेळी त्या नकलेची गरजच पडली नव्हती. जे माझ्या उपयोगी पडले तेवढे माझ्या लक्षात राहिले. विरजण काढून ठेवले होते हेच मी विसरले, कारण माझे दही नीट लागले होते.

तिने मला पुन्हा दोनदा फोन केला. तोवर मी पाण्याला गेले होते, फोन घरी. परत आल्यावर मी केला तर तो लागला नाही. मला वाटले, झाले असेल काम.

चार दिवसांनी दुसऱ्या एका बाईकडून कळले. मुदत संपत आलेली, दारात बाया उभ्या आणि प्रिंटर बंद. तिथल्या वडीलधाऱ्यांनी तिला सर्वांदेखत बोल लावला, 'म्हणून सांगत होतो, हात लावू नकोस.' खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. बायांना कागदासाठी बाजारात धाडू लागले. आणि भगिनींनो, त्या पोरीने माझे नाव घेतले नाही. 'शहापूरच्या काकींनी सांगितले म्हणून मी ओळ काढली,' एवढे वाक्य बोलली असती तर तिच्यावरचे निम्मे ओझे उतरले असते. ती बोलली नाही.

मला रात्री झोप लागली नाही. सकाळी मी आपल्या प्रिंटरवर आपल्या वहीची प्रत छापली, तिची घडी पिशवीत घातली आणि एसटी पकडली. २०२३ सालच्या मार्चपासून बायांना अर्धे तिकीट आहे, म्हणून घरी कोणाला पैसे मागावे लागले नाहीत. किन्हवली, सरळगाव करीत मुरबाडला पोहोचले. वाटेत पाऊस एवढा की खिडकीतून काही दिसत नव्हते. मला तेच बरे वाटले.

ती घरी होती. मला पाहून तिने पाणी दिले, चहा टाकला. मग चहाचा कप पुढे करताना खाली पाहूनच म्हणाली, "काकी, मी विचारले होते." एवढेच. एखादीने भांडून घेतले असते तर मला सोपे गेले असते.

मी म्हटले, "विचारले होतेस. तुझे बरोबर होते. मी ऐकलेच नाही. चल."

ती यायला तयार नव्हती. मोठ्या मिनतवारीने मी तिला मंडळाच्या खोलीत नेले आणि किल्ली मागून घेतली. बघायला माणसे जमली. मला चूक कुठे आहे ते ठाऊक होते. एका मिनिटात ती ओळ लिहून मी मोकळी झाले असते. तसे केले असते तर जमलेल्यांना काय दिसले असते? की धाकटीने बिघडवले आणि शहापूरच्या बाईंनी दुरुस्त केले. म्हणून मी तिला खुर्चीवर बसवले, आपण शेजारी स्टुलावर बसले आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. बाहेर काढायचे नाहीत असे मनाशी ठरवले.

मी म्हटले, "आधी नक्कल काढ."

ती म्हणाली, "बिघडलेल्या वहीची?"

"बिघडलेल्याचीसुद्धा. आता आपण दुरुस्त करताना आणखी बिघडवले तर निदान इथपर्यंत तरी परत येता येईल."

तिने काढली. मग 'टी'चा हुकूम दिला. यंत्राने चूक आहे असे सांगून ओळीचा क्रमांक दाखवला. तिने ती ओळ पाहिली. तिथे चूक काहीच दिसेना. भाच्याने मला फोनवर सांगून ठेवले होते ते मी तिला सांगितले: यंत्र अडखळते ती ओळ यंत्र दाखवते; मूळ चूक पुष्कळदा तिच्या थोडी वर असते. स्वेटर विणताना नाही का, उसवलेले दिसते एका ओळीत आणि टाका सुटलेला असतो आधीच्या ओळीत! मी छापून आणलेली प्रत तिच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "दोन्ही ताडून पाहा."

ती बोट ठेवून वाचू लागली. एक बोट कागदावर, एक पडद्यावर. खोलीत कोणी बोलत नव्हते. माझे हात पदराखाली शिवशिवत होते. ती एकदा त्या जागेवरून पुढे गेली, तेव्हा 'मागे जा' हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. मी गिळले. ती आपणच थबकली, मागे आली, आणि म्हणाली, "हीच ती. तिरकी रेघ आधी असलेली." तिने ओळ लिहिली. 'टी'चा हुकूम दिला, चूक नाही. कारभार सुरू केला. आणि आतल्या संगणकावरून कागद बाहेर आला.

तेव्हा मी उभी राहिले आणि जमलेल्यांना सांगितले की, "ही ओळ हिने माझ्या सांगण्यावरून काढली होती. काढण्याआधी हिने मला विचारले होते आणि हिची शंका बरोबर होती. मी घाईत चुकीचे सांगितले. नक्कल काढायलाही मीच सांगितले नाही. हिचा दोष नाही." बोलताना माझा आवाज कापत होता. कोणी काही म्हणाले नाही. मी किल्ली त्यांच्या अध्यक्षांना परत देऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिच्याजवळच राहू दे." मी परतीची गाडी पकडली. ३१ ऑगस्टला अजून थोडे दिवस होते.

भगिनींनो, यातून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण आपण सगळ्याच कोणाला ना कोणाला काही तरी शिकवत असतो.

नवख्या माणसाला शिकवताना त्याच्या हातातले काम ओढून घेऊ नये, हे भाच्याने मला दाखवले. पण ते अर्धेच झाले. आपले हात मागे ठेवायचे, तर दुसऱ्याच्या हातून चूक होणारच. आणि होणारच असेल, तर तिथून परत येण्याची वाट आधी बांधून दिली पाहिजे. भाच्याने मला नक्कल काढायला लावली, म्हणूनच तो निर्धास्तपणे सगळे माझ्या हातून करवू शकला. मी मुरबाडच्या पोरीला नुसते 'तू कर' म्हटले आणि परतीची वाट दिली नाही. विहिरीत उतर म्हणायचे आणि दोर वरच विसरायचा, असे ते झाले.

दुसरे असे की, शिकणारी बाई विचारते तेव्हा ती अडाणी म्हणून विचारते असे समजू नये. तिच्या डोळ्यांपुढे पडदा असतो. आपल्या डोळ्यांपुढे फक्त आपली आठवण. ती जे पाहून सांगते, ते आपण थांबून ऐकले पाहिजे. फोडणी करपली तर दुसरी करता येते.

तिसरे, एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच पडताळून पाहावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने बिघडले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. दार उघडले की ते राखावेही लागते. त्याच २०२४ साली सप्टेंबरच्या अखेरीस सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने कप्सच्या जोडीला चालणाऱ्या कार्यक्रमांतले दोष उघड केले; त्यांतून परका माणूस आत शिरू शकत होता. लागलीच दुरुस्त्याही निघाल्या. त्याआधी २०२१ साली विंडोजच्या छपाईच्या कारभारातही असाच मोठा दोष सापडला होता. म्हणून संगणक नव्या दुरुस्त्या घ्यायच्या का असे विचारतो, तेव्हा 'नंतर' म्हणून टाळू नये. आपल्या खोलीत दर शनिवारी हे काम होते. 'आपल्याच अंगणातल्यांना येऊ दे' ही ओळही तशीच ठेवायची; कोणी सोपे पडेल म्हणून सर्वांना मोकळे करा म्हटले तरी करायचे नाही.

आपल्या दाराजवळच्या संगणकाशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. कोणत्या दिवशी कोणती ओळ बदलली, जुनी काय होती, नवी काय, आणि नक्कल कोणत्या नावाने ठेवली, हे त्यात मराठीत लिहिलेले आहे. पहिले पान माझ्या हातचे आहे. त्यात मुरबाडची चूकही लिहिली आहे. ज्या भगिनींना शिकावयाचे असेल त्यांनी संकोच न करता यावे. खुर्चीवर तुम्ही बसायचे. मी शेजारी स्टुलावर बसेन आणि माझे हात पदराखाली असतील.